दुव्यावरील शब्दांचे वजन

डिचोलीला रोमन लिपीत बिचोलिम लिहितात, पेडण्याला पेर्नेम. आणि पेडणे तालुक्यातले हरमल पाहुण्यांच्या तोंडी अरंबोल होऊन बसते. माणसाला हा घोळ सवयीने उमगतो. शोधयंत्राला तो कोणीतरी उलगडून दाखवावा लागतो.

डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देवालय आहे. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करविला. समजा, त्याची माहिती देणारे एक पान केवळ इंग्रजीत आहे. 'नार्वे' हा देवनागरी शब्द त्यात कोठेच नाही. मराठी लेखकाने त्या पानाकडे दुवा देताना दुव्यावर 'नार्व्याचा सप्तकोटेश्वर' असे लिहिले, तर ते शब्द शोधयंत्र त्या इंग्रजी पानाच्या खाती जमा करते. 'येथे पाहा' एवढेच लिहिले, तर खाती काही पडत नाही. आपल्याकडे मात्र हेच दोन शब्द भारी आवडते!

दुव्यातील शब्द कित्येकदा पानाचे वर्णन पानापेक्षाही अचूक करतात, असे गूगलचे जनक ब्रिन आणि पेज यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले. पण शेजाऱ्याच्या साक्षीवर भिस्त ठेवली की लबाडीलाही वाव मिळतो. २००३ साली अनेकांनी संगनमताने 'दयनीय अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे दुवे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या चरित्राकडे लावले, आणि त्या शब्दांच्या शोधात ते चरित्र पहिले येऊ लागले. २००७ साली गूगलने ही वाट बरीचशी अडविली. २०१२ पासून तर कृत्रिम दुव्यांच्या जोरावर वर चढलेली स्थळे खाली ढकलली जाऊ लागली.

हरमलविषयीच्या दुव्यांत कोठे 'हरमल', कोठे 'अरंबोल' असणे मात्र कृत्रिम नव्हे. गावाला दोन्ही नावे खरोखरच आहेत.