मनाईच्या पाटीशेजारी नेहरू

विमानतळावर ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी, आणि तिला अगदी लागून उभे पंडित नेहरू. फोटो होमाई व्यारावाला यांचा. नियम मोडला तो खुद्द पंतप्रधानांना चौकटीत घेऊन! पण हा नुसता खट्याळपणा नव्हे. पाटी आणि माणूस एकाच चौकटीत बसले की गंमत होते, हे ऐनवेळी दिसायला तयारीची नजर लागते. ‘देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार’ हे बिरूद होमाईबाईंना इतकं घट्ट चिकटलं आहे, की त्या नजरेविषयी बोलायचं राहूनच जातं.

ती नजर मुंबईत घडली. 9 डिसेंबर 1913 रोजी नवसारीत, पारशी घरात त्यांचा जन्म झाला. वडील पारशी-उर्दू रंगभूमीवरचे नट. होमाई मुंबईत वाढल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. कॅमेऱ्याची गोडी लावली माणेकशॉ व्यारावाला यांनी. ते टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचं काम करत आणि फोटोही काढत. पुढे दोघांनी लग्न केलं. बायकांच्या एका सहलीचे होमाईंचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले, मोबदला फोटोमागे 1 रुपया. त्यानंतरचे कितीतरी फोटो मात्र माणेकशॉंच्या नावावर प्रसिद्ध झाले. नाव बाईचं असलं, की संपादकांना भरवसा वाटत नसे.

राजकीय फोटोंच्या गर्दीत त्यांचे जे. जे.च्या दिवसांतले फोटो मागे पडले, हे मला खटकतं. वर्गमैत्रीण रेहाना मोगल आणि इतर मुली त्यांत आहेत. लाजून उभ्या केलेल्या नव्हेत, आपल्याच नादात असलेल्या. उजेड कुठून घ्यायचा, चेहऱ्याचा कोणता भाग सावलीत ठेवायचा, याचा विचार चित्रकाराचा आहे.

1942 साली ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दाम्पत्य दिल्लीला गेलं. तिथे साडी नेसलेली ही एकटी बाई पुरुष छायाचित्रकारांच्या घोळक्यात स्पीड ग्राफिक घेऊन उभी राही. आज मोबाइलवर सटासट फोटो काढणाऱ्यांनी या अवजड कॅमेऱ्याची रीत समजून घ्यावी. 4 बाय 5 इंचांची फिल्म, एका होल्डरच्या दोन बाजूंना एकेक. झाकणपट्टी ओढायची, फोटो घ्यायचा, पट्टी परत सरकवायची, होल्डर उलटा करायचा, शटर पुन्हा चढवायचं. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की बाद. तो काढून नवा बसवायचा. एवढं होईपर्यंत पुढारी निघूनही जायचा. म्हणून क्षण येण्याआधीच तो ओळखावा लागे.

जून 1947 मध्ये काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या बाजूने वर गेलेले हात त्यांनी टिपले. 16 ऑगस्टला लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, तेव्हाही त्या हजर होत्या. (तो किल्ल्यावर चढला 15 तारखेला, असं आपण उगाच धरून चालतो.) 30 जानेवारी 1948 ला मात्र गांधीजींच्या प्रार्थनेला जायला निघालेल्या होमाईंना माणेकशॉंनी परत बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ, म्हणाले. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. अंत्ययात्रेचे फोटो मात्र त्यांनी काढले.

त्यांचं टोपणनाव ‘डालडा 13’. जन्म 1913 चा, माणेकशॉंची भेट तेराव्या वर्षी आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी 13!

1969 साली माणेकशॉ गेले आणि वर्षभरात होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला, तो कायमचा. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि बेशिस्त त्यांना सोसवेना. जुन्या पिढीने आपणहून पाळलेली मर्यादा त्यांना कौशल्याइतकीच मोलाची वाटे. यात थोडा हट्ट होता असं मला वाटतं. पण त्यांच्या फोटोंतली अदब त्याच हट्टातून आली. पुढे वडोदऱ्यात त्या एकट्या राहिल्या. सबीना गडिहोक यांच्या 2006 च्या इंग्रजी ग्रंथामुळे नव्या पिढीला त्यांचं काम नीट कळलं. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 15 जानेवारी 2012 रोजी त्या गेल्या.

त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. प्रदर्शन लागलं तर चुकवू नका, आणि मोठ्या पुढाऱ्यांइतकंच चौकटीच्या कडांना उभ्या असलेल्या माणसांकडेही बघा.