कोलोनचा उपमहापौर आणि पालेगावची पाकिटं

१९१६ च्या हिवाळ्यात जर्मनीतला बटाटा संपला. त्या साली पाऊस आणि रोग यांनी पीक जमिनीतच कुजवलं होतं. समुद्रावर ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी होती, शेतात राबणारे हात आघाडीवर होते. शहरांतल्या लोकांच्या ताटात सलगमाच्या जातीचा जाडा कंद आला. एरवी तो गुरांपुढे टाकत. जर्मन लोक त्या थंडीला आजही ‘सलगमाचा हिवाळा’ म्हणतात.

ऱ्हाइन नदीकाठच्या कोलोन शहरात लोकांच्या पोटापाण्याची जबाबदारी एका चाळिशीतल्या वकिलावर होती. कोनराड आडेनाउअर त्याचं नाव. हुद्दा पहिल्या उपमहापौराचा. पुढे हाच माणूस १९४९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सलर झाला. त्याचं ते चरित्र बहुतेकांना ठाऊक असतं. युद्धाच्या काळात पीठ, मका आणि सोया यांच्याशी त्याने मांडलेला खटाटोप मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

आधी त्याने पाव हाती घेतला. गहू आणि राय मिळेनात, तेव्हा शहरातल्या बेकरीवाल्यांना सोबत घेऊन १९१५ मध्ये त्याने मका, जव आणि तांदूळ यांच्या पिठाचा ‘कोलोन पाव’ तयार केला आणि त्याचं पेटंटही मिळवलं. मका रुमानियातून येई. ऑगस्ट १९१६ मध्ये रुमानिया शत्रूच्या बाजूने युद्धात उतरला आणि मका बंद झाला. पावाची वाट अशी बुजली, तेव्हा तो सॉसेजकडे वळला.

सॉसेजच का? कारण सॉसेज हा मुळात सारणाचा पदार्थ आहे. बारीक केलेलं काहीतरी, त्यात मीठ, मसाला आणि चरबी, ते आवरणात भरायचं, दोन्ही टोकं पिळायची, मग उकडायचं नाहीतर धुरावायचं. आत काय भरायचं हे करणाऱ्याच्या हातात असतं. आडेनाउअरने आत सोयाबीनचं पीठ भरायचं ठरवलं. सोयाबीनच्या दाण्यात साधारण चाळीस टक्के प्रथिनं आणि वीस टक्के तेल असतं. मांसातून शरीराला जे दोन पदार्थ हवे असतात, ते दोन्ही त्यात होते.

अडचण होती ती चवीची. सोयाचा दाणा दळून त्यात पाणी घातलं की एक कच्चट, शेंगेसारखा वास सुटतो. दाण्यात एक विकर असतं. दाणा फुटून पाणी लागलं की ते त्यातल्या तेलावर काम करू लागतं आणि हा वास तयार होतो. उष्णता दिली की विकर निकामी होतं. आपल्या घरी सोयाचे गोळे कढत पाण्यात घालून, पिळून, ते पाणी ओतून देतात. उरलासुरला वास असाच घालवायचा असतो. कोलोनमध्येही झगडा याच वासाशी होता. लोक उपाशी असले तरी वास येणारं अन्न पुढे ढकलतात, आणि शहराचा पुरवठा सांभाळणाऱ्याला ते परवडत नाही.

सॉसेज जमलं. त्याला ‘शांततेचं सॉसेज’ असं नाव पडलं. आडेनाउअरने पेटंटसाठी अर्ज केला, आणि जर्मन पेटंट कचेरीने तो फेटाळला. कारण कृतीत नव्हतं, नावात होतं. सॉसेजमध्ये काय असावं याचे जर्मनीत नियम होते, आणि त्या नियमांप्रमाणे मांस नसेल तर ते सॉसेज नव्हे. ब्रिटनने मात्र पेटंट दिलं. त्यावर तारीख आहे २६ जून १९१८. त्या दिवशी हे दोन देश फ्रान्सच्या मातीत एकमेकांवर तोफा डागत होते.

ही गोष्ट सांगताना पेटंट कचेरीला मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण तिच्याही बाजूने बोलायला हवं. युद्धाच्या त्या वर्षांत जर्मनीच्या बाजारात ‘बदली’ मालाचा सुळसुळाट होता. बदली कॉफी, बदली लोणी, बदली सरबत. बिनमांसी सॉसेजच्या शेकडो प्रकारांना युद्ध संपेपर्यंत परवाने मिळाले होते, आणि त्यांपैकी कितींमध्ये पोटाला उपयोगी काही होतं हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. नावाचा नियम मुळात त्याच गिऱ्हाइकासाठी केलेला होता. आडेनाउअरचं सॉसेज त्यात नाहक अडकलं. त्याने काही लपवलं नव्हतं. सोया घातलं होतं आणि सोया घातलं म्हणून सांगितलं होतं.

सोयाची वाट पुढे आपल्याकडेही आली. १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन रोजच्या जेवणात आणून पाहिलं आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिलं. पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानातल्या एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. लागवडीपासून पाककृतींपर्यंत सगळं त्यात होतं. तरी शेतकऱ्याच्या शेतात सोयाबीन यायला आणखी काही दशकं गेली. आज खरिपात लातूर-वाशीमकडे गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेच दिसतं. पण ते आपल्या ताटात थेट फार कमी येतं. तेल काढून घेतात, आणि उरलेल्या पेंडेचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणजे तिकडचं सोयाबीन आपण खातोच, पण कोंबडीच्या मार्गाने. सोयाचं सॉसेज मधली कोंबडी वगळतं, इतकंच.

ही कल्पना पुन्हा मराठी माणसांच्या हाती आली ती २०२१ मध्ये. लातूरच्या देशमुख घराण्यातले अभिनेते रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी ‘इमॅजिन मीट्स’ नावाने वनस्पतिजन्य मांसाची कंपनी काढली. त्याच सुमारास इतरही कंपन्या आल्या, आणि मोठ्या शहरांतल्या फ्रीझरांमधली पाकिटं उपनगरांतल्या दुकानांत दिसू लागली. आमच्या अंबरनाथ पूर्वेलाही.

तिथल्या आमच्या पालेगावात या पाकिटांची जशी कसून तपासणी होते, तशी दुसरीकडे क्वचितच होत असेल. मूळ गाव आगऱ्यांचं. भोवती नव्या इमारती उठल्या आणि त्यांत सगळीकडची माणसं राहायला आली. शेजारच्या उल्हासनगरातून आलेली सिंधी कुटुंबंही त्यांत आहेत. कुणाच्या घरी रविवारी मटण शिजतं, कुणाच्या घरी लसूणही चालत नाही, आणि बहुसंख्य घरं अशी की जिथे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, श्रावण पाळतात आणि गटारीला कसर भरून काढतात.

श्रावणातच मी दोन पाकिटं ओट्यावर ठेवली. एक आमच्या नाक्यावरचं, देशी, सोयाचं. दुसरं भाच्याने मुंबईच्या मोठ्या दुकानातून आणलेलं, परदेशी. सासूबाईंनी एका नजरेत निकाल दिला.

“नाव सॉसेजचं आणि श्रावणात खायचं? नुसतं मांस टाळून श्रावण होत नाही गं. त्याची आठवणही टाळायची असते.”

शेजारच्या आंटी भाजी निवडायला येऊन बसल्या होत्या. त्या राधास्वामी सत्संगातल्या. मांस नाही, अंडंही नाही, बारा महिने. त्यांनी मान हलवली. “नाम से मुझे क्या करना, बेटा. अंडं आहे का त्यात, ते बघ.”

मला दोघींचंही पटलं. दोघी एकाच वस्तूबद्दल बोलत होत्या, पण प्रश्न दोन होते. एक प्रश्न मनाचा, दुसरा जिन्नसांचा. सगळ्या जगात या वादाचा जो गुंता झाला आहे तो हे दोन प्रश्न एकात कालवल्याने झाला आहे, असं माझं ठाम मत आहे.

परदेशी पाकिटावर समोर मोठ्या अक्षरांत ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेलं होतं. मागे आयातदाराने चिकटवलेल्या पट्टीवर चौकटीतला तपकिरी त्रिकोण होता. आंटी घाबरल्याच. त्या त्रिकोणाचं कारण साधं होतं. युरोपात शाकाहारी म्हणजे मांस-मासे नसलेलं, अंडं चालतं. तिकडच्या बऱ्याच सॉसेजमध्ये सारण बांधून ठेवायला अंड्याचा पांढरा भाग घालतात. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मात्र अंडं मांसाहारात धरलेलं आहे, दूध धरलेलं नाही. त्यामुळे तिथलं शाकाहारी इथे उतरलं की मांसाहारी ठरतं. आंटींनी ते पाकीट स्वतःच्या हाताने बाजूला सारलं.

देशी पाकिटावर हिरवा ठिपका होता. ते आम्ही तव्यावर घातलं. तेलाचे चार थेंब, मंद आच. आवरण आतड्याचं नव्हतं. अशा सॉसेजना समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाचं पातळ आवरण देतात. ते तडतडलं, पण फाटलं नाही. गरम असताना सॉसेज चांगलं घट्ट होतं, चावताना तुकडा पडत होता. बोलण्याच्या नादात दोन ताटलीत तशीच राहिली. निवल्यावर सासूबाईंनी एक बोटाने दाबून पाहिलं. ते मऊ पडलं होतं. त्यांना वाटलं नासलं.

नासलं नव्हतं. अंड्याऐवजी या सारणात मेथिलसेल्युलोज घातलेलं असतं, लाकडाच्या नाहीतर कापसाच्या तंतूंपासून केलेली पूड. तिचा स्वभाव जगावेगळा आहे. जिलेटिन गार झाल्यावर धरतं आणि तापल्यावर वितळतं. ही पूड तापल्यावर धरते आणि गार झाल्यावर सैल पडते. शिळं मटण सकाळी गोठून घट्ट बसतं, हे सॉसेज उलट लिबलिबीत होतं. म्हणून ते तव्यावरून थेट ताटात वाढावं. मुलांच्या डब्यात द्यायचं तर गव्हाच्या ग्लुटेनवर बांधलेलं निवडावं, ते गारही बरं लागतं. पण मग गहू न चालणाऱ्या मुलाला ते देता येत नाही. ही निवड नावावरून करता येत नाही. त्यासाठी जिन्नसांची यादीच वाचावी लागते.

आणि नावाचं म्हणाल, तर मराठी घरांनी तो प्रश्न न भांडता कधीच सोडवला आहे. टोमॅटो ऑम्लेट आठवा. बेसन, टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची. अंड्याचा पत्ता नाही. कडकडीत शाकाहारी आजीसुद्धा ते ‘ऑम्लेट’ म्हणून वाढते आणि आजवर कुणी फसलेलं नाही, कारण ‘टोमॅटो’ हा शब्द पुढे उभा असतो. नारळाचं दूध तसंच. २०२१ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सोया-बदामाच्या पेयांना ‘दूध’ म्हणायला मनाई केली, तेव्हाही नारळाच्या दुधासारखी रुळलेली नावं वगळलेलीच होती. आधी जिन्नस, मग आकार: ‘सोया सॉसेज’. माझ्या मते एवढं पुरे आहे.

युरोपीय संसदेला मात्र २०२५ मध्ये ते पुरेसं वाटलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय संसदेने बिनमांसी पदार्थांना ‘बर्गर’, ‘सॉसेज’ म्हणण्यावरची बंदी नाकारली. पाच वर्षांनी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच संसदेने ३५५ विरुद्ध २४७ मतांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. पशुपालक शेतकऱ्यांचं दुःख मला कळतं. त्यांचं उत्पन्न खरोखर अडचणीत आहे. पण सोया सॉसेज घेणारा माणूस मांसाचं समजून ते घेतो, हे मला पटत नाही. तो ते मांस नाही म्हणूनच घेतो. एका पेटंट कचेरीने शंभर वर्षांपूर्वी उपाशी शहराला दिलेलं उत्तर आता भरल्या पोटांच्या संसदेने पुन्हा द्यावं, याचं मला वाईट वाटतं.

आडेनाउअरने शोध लावणं पुढेही सोडलं नाही. १९३३ मध्ये नाझींनी त्याला महापौरपदावरून काढलं. त्यानंतरच्या सक्तीच्या रिकामपणात त्याने आतून दिवा लागणारं, मोजे रफू करायचं अंडं कल्पिलं. लोकांच्या घरात कुठे अडतं तिकडे त्याचं लक्ष असे.

आमच्या घरात अडलं ते पाकिटाच्या मागच्या बाजूवर. आंटी सिंधी आणि हिंदी वाचतात, सासूबाई मराठी. जिन्नसांची यादी होती मुंगीएवढ्या अक्षरांत, निव्वळ इंग्रजीत. आपल्या नियमांप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, आणि सोबत दुसरी भाषा घालायलाही मोकळीक आहे. म्हणजे देवनागरीला कुणी अडवलेलं नाही. कंपन्या इंग्रजी निवडतात. हिरवा ठिपका अंडं नसल्याचं सांगतो, पण दूध, ग्लुटेन आणि सोया कुठे कुठे आहे ते सांगत नाही. ते मला चष्मा लावून, एकेक शब्द मोठ्याने वाचून दोघींना सांगावं लागलं. मेथिलसेल्युलोजपाशी आंटींनी मला थांबवलं आणि विचारलं, “ये किस चीज से बनता है?” लाकडापासून, म्हटल्यावर त्यांनी समाधानाने एक सॉसेज उचललं. सासूबाई श्रावण संपेपर्यंत थांबल्या.