धार ते देवास : हवाई अंतर ८७ किलोमीटर, पण विमान कोठून?

माळव्यातील धार आणि देवास ही पवार घराण्याच्या संस्थानांची शहरे मराठी माणसाला दूरची असली तरी परकी नाहीत. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले पंडित कुमार गंधर्व १९४८ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव देवासला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. आजही नातेसंबंधांमुळे या भागात जाणे-येणे होते. मात्र हवाई अंतराच्या आकड्यावर विसंबून प्रवासाचा बेत आखल्यास फसगत होऊ शकते.

दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळचे अंतर काढले जाते. धार-देवासच्या बाबतीत ते सुमारे ८७ किलोमीटर, म्हणजेच ४७ सागरी मैल भरते. जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने त्याला भागल्यास उड्डाणाचा वेळ जेमतेम साडेसहा मिनिटे येतो.

हा भागाकार बरोबर असला तरी तसे उड्डाण शक्य नसते. पूर्ण वेगासाठी विमानाला साधारण ३५ हजार फूट उंची गाठावी लागते. त्या चढाईतच सुमारे २०० किलोमीटर अंतर कापले जाते आणि उतरण्यासाठीही जवळपास तेवढेच लागते. दहा हजार फुटांखाली तर वेग सामान्यतः ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास मर्यादित ठेवला जातो. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे आणि वळसा घेऊन उतरणे यांचा वेळ अंतर कमी असले तरी घटत नाही.

मुख्य म्हणजे धार किंवा देवास येथून नियमित प्रवासी विमानसेवाच नाही. दोन्ही शहरांना आधार आहे तो इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचा. सरळ रेषेत हा विमानतळ धारपासून सुमारे ५३, तर देवासपासून सुमारे ३८ किलोमीटरवर आहे. दोहोंची बेरीज ९१. म्हणजे इंदूर जवळजवळ याच रेषेवर वसले आहे. त्यामुळे इंदूरमार्गे रस्त्याने जाताना फारसा वळसा पडत नाही. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे.

अल्प अंतराची विमानसेवा कोठेच चालत नाही, असे नव्हे. स्कॉटलंडजवळील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये केवळ २.७ किलोमीटरचे नियमित उड्डाण होते. कारण मध्ये समुद्र आहे. माळव्याच्या पठारावर तसा अडथळा नाही.

गोमंतकीयांना हा फरक सहज उमगेल. दाबोळी आणि मोपा यांतील सरळ अंतर सुमारे ४० किलोमीटर असले, तरी नद्या ओलांडत जाणारा रस्ता त्याहून बराच लांब पडतो. गोवा-इंदूर हवाई अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. भागाकाराने तासाभराचे उत्तर आले, तरी प्रत्यक्षात दीड तास धरणे योग्य. विमानतळ इंदूरच्या पश्चिमेला असल्याने धारला जाणाऱ्याला शहर ओलांडावे लागत नाही. देवासला जाणाऱ्याला मात्र शहरातून किंवा बाहेरून वळसा घेऊन पलीकडे जावे लागते.

आप्ताच्या आजारपणात किंवा अंत्यदर्शनासाठी तातडीने निघणाऱ्याने म्हणूनच केवळ उड्डाणाचा वेळ पाहू नये. घराच्या उंबऱ्यापासून त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत लागणारा वेळ, हाच प्रवासाचा खरा हिशेब होय.