अनामिक कारागिरांचें संचित

पुण्याच्या जुन्या वाड्यांतील माळा म्हणजे त्या घराचें अलिखित दफ्तरच असे. पेशवाईचा इतिहास शोधणारा दफ्तरखान्यांत जातो. परंतु त्या काळची गृहिणी दिवा कशांत लावी, सुपारी कशानें कातरी, तिचें मूल कोणत्या खेळण्याशीं रमे, हें कोणत्याहि बखरींत सांपडावयाचें नाहीं. त्याचा पुरावा पितळेचा, लाकडाचा आणि कापडाचा असतो. आणि हाच पुरावा बहुधा मोडींत जातो. १९६१ सालच्या पानशेतच्या पुरांत नदीकांठचे कितीतरी वाडे गेले. उरलेल्यांपैकीं अनेक पुढें नव्या इमारतींसाठीं पाडले गेले. वाडा पडतांना माळा रिकामा होतो आणि पिढ्यापिढ्यांची सामुग्री तराजूंत वजनावर जाते.

या वस्तूंचे कर्ते कोण? ओतारी, तांबट, सुतार, लोहार, चितारी आणि घरोघरच्या स्त्रिया. यांनीं कोणत्याहि कलाशाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता. कोणी बापाच्या हाताखालीं बसून शिकला, कोणी नुसतें पाहून आणि चुकत चुकत शिकला. गोधडी शिवणारीस तर बहुधा आईवांचून दुसरा गुरु नव्हता. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून रंगांचा मेळ घालण्याची विद्या तिची तिनेंच कमावलेली. यांपैकीं बहुतेकांनीं आपल्या कृतीवर नांव घातलें नाहीं. नांव नाहीं म्हणून मोल नाहीं, आणि मोल नाहीं म्हणून जतन नाहीं, असा हा फेरा आहे.

पुण्यांत एका गृहस्थानें हा फेरा मोडला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा; ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविताहि लिहीत. सुमारें १९२० पासून त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला आणि पुढें जवळजवळ सारें आयुष्य त्यांतच वेंचलें. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नांवाचा मुलगा वयाच्या सातव्या वर्षीं वारला. त्याच्याच स्मरणार्थ या संग्रहास नांव मिळालें. १९७५ सालीं केळकरांनीं आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आज सुमारें २०,००० वस्तू आहेत. कोथरूडच्या मस्तानीमहालाचे अवशेष आणून त्याची पुनर्रचनाहि येथें केलेली आहे. तथापि या संग्रहाचें खरें वैशिष्ट्य राजवैभवांत नसून अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पानाचे डबे आणि पाय घासावयाच्या वज्र्‍या यांत आहे.

या लहान वस्तूंत किती बुद्धि खर्च झाली आहे, हें एका लामणदिव्यावरून कळेल. कांहीं दिव्यांत हत्तीच्या किंवा पक्ष्याच्या पोटांत तेल भरलेलें असतें. पोट वरून घट्ट बंद, आणि तेलाची वाट खालच्या तबकडींत उघडणारी. तबकडींतील तेलानें ती वाट झांकलेली असेपर्यंत हवा आंत शिरत नाहीं आणि तेल बाहेर पडत नाहीं. वात जळून तेलाची पातळी उतरली कीं थोडी हवा आंत जाते, तितकेंच तेल खालीं येतें, आणि वाट पुन्हां बंद होते. हवेच्या दाबाचा नियम ज्यानें पुस्तकांत वाचला नव्हता, त्यानें तो पितळेंत उतरविला! शिवाय अशीं अनेक कामें मेणाच्या साच्यानें केलेलीं असत. मेणाची आकृति घडवून तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, तापवून मेण काढून टाकावयाचें, आणि त्या पोकळींत धातूचा रस ओतावयाचा. ओतकाम बाहेर काढण्यासाठीं साचा फोडावाच लागतो. म्हणून अशा वस्तूची तंतोतंत दुसरी जोड नसते.

परंतु संग्रह हें दुधारी शस्त्र आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळील पिंगुळी गांवीं ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक दाखवीत, वाद्यांच्या साथीनें कथा गावयाची, अशी ही रीत. दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं असतात, आणि अशा पानांची मिळून एक पोथी होते. हौशी संग्राहकानें त्यांतील एकच सुरेख पान उचललें, तर त्याच्या भिंतीस शोभा येईल. पण मागें राहिलेली कथा खंडित होईल आणि गाणाऱ्याचें साधन जाईल. याच गांवचे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांनीं आपल्या समाजाच्या कलेचें संग्रहालय गांवांतच उभें केलें आहे. वस्तु आणि तिची विद्या जेथें एकत्र नांदतात, तेथें तिचें जतन अधिक अर्थपूर्ण होतें.

इतर देशांनींहि हाच प्रश्न सोडविण्याचा यत्न केला. स्वीडनमध्यें आर्तुर हासेलियस यांनीं १८९१ सालीं स्टॉकहोम येथें जुनीं ग्रामीण घरें आणून उघड्या आकाशाखालीं ‘स्कान्सेन’ संग्रहालय वसविलें. जपानांत यानागी सोएत्सु यांनीं नांव न लावणाऱ्या कारागिरांच्या नित्योपयोगी वस्तूंचें सौंदर्य लोकांच्या नजरेस आणलें, आणि १९३६ सालीं टोकियोंत त्यांचें लोककलासंग्रहालय उघडलें. हे यत्न आणि केळकरांचा यत्न यांमागील दृष्टि एकच.

सामान्य कुटुंबासहि या कामांत वांटा उचलतां येतो. जुनें पितळ चिंच-राखेनें लखलखीत करण्याचा मोह आवरावा. वापरानें आलेली झांक हीच त्याच्या वयाची साक्ष असते. मोडलेला भाग नवा लावण्यापूर्वीं जाणत्यास विचारावें. बाजारांत वस्तु घेतांना झीज कोठें आहे तें पाहावें. खऱ्या अडकित्त्याची मूठ हाताच्या पकडीखालीं गुळगुळीत होते. जेथें बोट कधींच पोंचत नाहीं अशा जागींहि झीज दिसली, तर संशय घ्यावा. कायदाहि ध्यानांत असावा. १९७२ च्या पुरातन वस्तूविषयक कायद्याप्रमाणें १०० वर्षांहून जुनी कलावस्तु परदेशीं नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

याहून महत्त्वाचें काम बिनपैशाचें आहे. घरांतील प्रत्येक जुन्या वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: ही कोणी वापरली, कोणत्या गांवाहून आली, घरांत तिला काय म्हणत, आणि ती कोणत्या सणास बाहेर निघे. कारागिराचें नांव बहुधा मिळणार नाहीं. परंतु आजीला ठाऊक असलेला शब्द अद्यापि मिळूं शकतो. धातु शतकानुशतकें टिकते. तो शब्द मात्र आजीबरोबरच जातो, आणि त्यावांचून वज्री म्हणजे केवळ पितळेचा एक खडबडीत तुकडा उरतो.