थंडी बाधायला बर्फ पडावा लागत नाही

निफाडचा पारा घसरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात आणि थंडी म्हणजे तेवढीच, असं वाटतं. थंडीने गेलेल्या अनेकांच्या दाखल्यावर मात्र कारण हार्ट अटॅक किंवा पक्षाघात असंच असतं.

गैरसमज : जीव घेते ती कडाक्याची थंडी.
भारतातल्या 2001 ते 2013 या काळातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या सुमारे 27 टक्के आणि हृदयविकाराच्या सुमारे 10 टक्के मृत्यूंचा संबंध त्यात मध्यम थंडीशी लागला. पक्षाघाताचा अंदाज 11 ते 40 टक्के असा बराच सैल आहे, हेही खरं. पण ‘मध्यम’ म्हणजे किती? 13.8 ते 30 अंश! दिवसाचं सरासरी तापमान धरलं तर यात मुंबईचा अख्खा जानेवारी बसतो. कडाक्याचे दिवस मोजके, असे दिवस मात्र महिनोन्‌महिने असतात.

थंडीत शरीरात काय होतं ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कीटिंग यांनी 1984 मध्ये दाखवलं. माणसांना 24 अंशांच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवलं, बस्स. सरासरी रक्तदाब 126/69 वरून 138/87 वर गेला, रक्ताचा दाटपणा 21 टक्क्यांनी वाढला. गारठ्यात कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत सरकतं, शरीर पाणी बाहेर टाकतं. थंडीत सारखं लघवीला होतं ते उगाच नाही. दाटलेल्या रक्तात गुठळी लवकर धरते.

गैरसमज : थंड मुलखात धोका जास्त.
उलट आहे. 1997 च्या युरोपीय अभ्यासात 18 अंशांखाली दर अंशामागे अथेन्समध्ये मृत्यू 2.15 टक्क्यांनी वाढले, दक्षिण फिनलंडमध्ये जेमतेम 0.27. फिनलंडची घरं उबदार आणि माणसं टोपी-हातमोज्यांशिवाय बाहेर पडत नाहीत. आपण कानटोपी घालायला लाजतो.

गैरसमज : दोन घोट ब्रॅन्डीने ऊब येते.
कातडी गरम लागते; आतली ऊब बाहेर जाते.

गैरसमज : लाट ओसरली, धोका टळला.
उन्हाचा तडाखा दोन-चार दिवसांत दिसतो, थंडीचा परिणाम तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळतो.

हिवाळ्यात बीपी चढतं, म्हणून नोव्हेंबरातच तपासून घ्या आणि गोळ्या मनाने सोडू नका. फिरायला ऊन पडल्यावर जा. आणि पहाटे कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर ‘गारठ्याने आखडलंय’ म्हणून तेल चोळत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.