‘वारं गेलं’ म्हणजे नेमके काय झाले?



आपल्या रेडी-शिरोडा भागात कुणाचा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा जीभ जड झाली की आपण म्हणतो, ‘अंगावरून वारं गेलं’. शब्द जुना आहे व तो वापरण्यात गैर काही नाही. अडचण एवढीच की, तो उच्चारला की आपल्याला कारण सापडल्यासारखे वाटते. मग ती तिन्हीसांजेला वहाळाकडे गेली होती का, अमावास्या होती का, कुणाची नजर लागली का, असे प्रश्न सुरू होतात. कुणी कौल लावायला निघतो, कुणी नारळ उतरवतो, कुणी लकव्याचे तेल आणायला गाडी काढतो. दुःखाला कारण असते हे आपण नेहमी ऐकतो. पण स्वयंपाकघरात बायको कोसळली की कारण शोधण्याचे काम आपण दुसऱ्याच कुणावर सोपवून मोकळे होतो. या धावपळीत एक प्रश्न मागे पडतो आणि डॉक्टर नेमका तोच आधी विचारतात : हे किती वाजता सुरू झाले?

आजारी माणूस याचे उत्तर बहुधा देऊ शकत नाही. त्याची वाचा गेलेली असते किंवा तो भ्रमात असतो. उत्तर असते ते त्याच्या शेजारी झोपणाऱ्या, त्याच्याबरोबर जेवणाऱ्या माणसाकडे, म्हणजे नवऱ्याकडे किंवा बायकोकडे. मेंदूच्या व नसांच्या आजारात अर्धे निदान हकिकतीतच असते, आणि हकिकत सांगणारा साक्षीदार हाच. म्हणून हा लेख रोग्यापेक्षा त्याच्या जोडीदारासाठी आहे असे समजावे.

पक्षाघातापासून सुरुवात करू. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन जीवावर बेतते. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात. फरक दाखवतो तो सीटी स्कॅन. म्हणून घरी रक्त पातळ करण्याची गोळी देऊ नये, ब्लडप्रेशर वाढले असेल म्हणून जिभेखाली काही ठेवू नये आणि घोटभर पाणीसुद्धा पाजू नये. घसा लुळा पडला असेल तर ते पाणी फुप्फुसात उतरते.

साडेचार तास ऐकायला पुष्कळ वाटतात. त्यांतून गाडी मिळेपर्यंतचा, सावंतवाडीला न्यावे की बांबोळीला हे ठरेपर्यंतचा आणि इस्पितळात पोचून स्कॅन होईपर्यंतचा वेळ वजा करून पाहावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती बोलावतानाच घरातल्या दुसऱ्या माणसाने फोन करून विचारावे, ‘तुमच्याकडे सीटी स्कॅन आत्ता, या घटकेला चालू आहे का?’ हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नये. रोगी झोपेतून उठतानाच लुळा असेल तर घड्याळ उठल्या वेळेपासून धरत नाहीत, शेवटचे धड केव्हा पाहिले तेव्हापासून धरतात. पहाटे चारला ती उठली होती, पाणी प्याली, नीट बोलली, हे एका नवऱ्यालाच ठाऊक असते, आणि तेवढ्या एका वाक्यावर उपचार बदलतो. वेळ टळली म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. मोठी वाहिनी बंद झालेल्या निवडक रोग्यांची गुठळी नळीवाटे चोवीस तासांपर्यंतही काढता येते.

मात्र अचानक आलेली प्रत्येक लुळेपणा पक्षाघाताची नसते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाची साखर उतरली की तो बरळतो, कधी त्याचे एक अंगही लुळे पडते. ग्लुकोमीटरवरचा रक्ताचा एक थेंब तेथे उलगडा करतो. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातील सोडियम घटते व त्यांना भ्रम होतो. यासाठी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, काढ्याच्या बाटलीसकट, पिशवीत घालून बरोबर न्यावीत. आंबा-काजूवर औषध फवारून माणूस घरी आला होता का, तेही सांगावे. फवारणीच्या विषाने लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, आणि बरे वाटल्यावर एक ते चार दिवसांनी मान व श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात.

आपल्या कोकणात आणखी एक कारण आहे व ते फार फसवे आहे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज नसते, दातांच्या खुणाही कित्येकदा दिसत नाहीत. माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, उलटी होते. मग पापण्या जड होतात, बोलणे नाकातून येते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. साप कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळे पोटदुखीला ओवा आणि पापण्यांना दृष्ट काढणे, एवढ्यावर सकाळ निघून जाते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे मिटू लागल्या तर साप दिसो वा न दिसो, मण्यार चावली असेल असे धरून चालावे. प्रतिविष तर हवेच, पण त्याहून निकडीचा असतो कृत्रिम श्वास. असा रोगी डोळे उघडत नाही, बाहुल्या हलत नाहीत, मेल्यासारखा दिसतो. तरी आत तो शुद्धीवर असून आपले बोलणे ऐकत असू शकतो. श्वास चालू ठेवला तर काही दिवसांत तो उठून बसतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू व सापांच्या विषबाधेवर खेड्यातच राहून काम केले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. सापाच्या दंशावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

काही कारणे त्या दिवसाची नसतात; ती आठवड्यांपूर्वी घडून गेलेली असतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलेन-बारी आजाराची साथ आली. संशयित रोगी दोनशेहून अधिक झाले. आधी जुलाब, ते थांबतात, आणि एक ते तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊन अशक्तपणा वर वर चढत जातो. जुलाबाच्या जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली शक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पुण्यात काही रोग्यांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. यावर इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे हे उपाय आहेत व बहुतेक रोगी महिन्यांनी का होईना चालू लागतात. पण पायांच्या तक्रारीला ‘मागच्या पंधरवड्यात जुलाब झाले होते’ हे जोडून कोण देणार? घरचेच.

माकडतापाचे असेच आहे. २०१६ व २०१७ साली दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात त्याने माणसे दगावली. गोचिडीतून येणारा हा ताप उतरतो, एक-दोन आठवडे बरे जातात, आणि काहींना तो पुन्हा येतो तो डोकेदुखी, कंप व भ्रम घेऊन. काजूच्या बागेत गेली होती का, जवळपास माकडे मेली होती का, हे सांगितल्याखेरीज डॉक्टरांना ते कसे कळावे? आणि एक आजार तर आपल्याकडे हमखास भुताखाती जमा होतो. धडधाकट तरुण बाई आठ-पंधरा दिवसांत विचित्र बोलू लागते, झोपत नाही, नसलेली माणसे पाहते, मग आकडी येते. मेंदूच्या अशा एका दाहाचे कारण २००७ साली उलगडले. काही जणींत त्याचे मूळ बीजकोशातील गाठीत असते. गाठ काढून उपचार केले की तीच बाई पुन्हा संसार करते. तिला झाडाला बांधून काय निघाले असते?

यावर कुणी म्हणेल, ‘पण अमक्याला गाऱ्हाण्याने गुण आला ना!’ येऊ शकतो, आणि याचा नीट विचार केला पाहिजे. मेंदूत अडकलेली लहान गुठळी कधी आपोआप सुटते व अर्ध्या तासात हात हलू लागतो. आकडी दोन-तीन मिनिटांत थांबते, कांदा वा चप्पल हुंगवा अगर हुंगवू नका. केवळ चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडे झालेले बहुसंख्य रोगी काही आठवड्यांत बरे होतात. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइड मिळाले तर अधिक. या मधल्या वेळात जो उपाय केला, त्याच्या नावे श्रेय जमा होते. धोका असा की, अर्ध्या तासात बरी झालेली गुठळी हा इशारा असतो, आणि मोठ्या झटक्याची भीती पुढच्या दोन दिवसांतच सर्वांत जास्त असते. नेमक्या त्या दोन दिवसांत आपण निर्धास्त होऊन नवस फेडायला जातो.

शेवटी राहतात ती माणसे, ज्यांच्या सर्व तपासण्या स्वच्छ येतात. पाय चालत नाही, पण स्कॅन ठीक, नसा ठीक. अशा वेळी ‘नाटक करते’ हा शेरा, विशेषतः सुनेला, फार लवकर मिळतो. आमच्या मते तो सरळ सरळ अन्याय आहे. मेंदूची जडणघडण शाबूत असूनही त्याच्या कामकाजात बिघाड होऊ शकतो. हा ओळखीचा आजार आहे, डॉक्टर तो ठरावीक खुणांवरून ओळखतात आणि व्यायामोपचाराने व समुपदेशनाने पुष्कळांना आराम पडतो. यात नवऱ्याचे काम नाजूक असते. दर तासाला ‘आता हलतो का पाय?’ असे विचारू नये, कारण लक्ष पायावर खिळले की तो अधिकच अडतो. अंगणात चालवताना तिच्याशी बाजाराच्या, मुलांच्या गोष्टी बोलाव्यात. मन बोलण्यात गुंतले की पाऊल पुष्कळदा आपसूक नीट पडते.