टायको: चंद्रावरच्या लख्ख ठिपक्याची खरी गोष्ट

पौर्णिमेच्या चंद्राच्या दक्षिण भागात एक लख्ख ठिपका दिसतो, त्यातून पांढरे पट्टे दूरवर पसरलेले असतात. हे टायको विवर. व्यास सुमारे ८५ किलोमीटर. चंद्रावरचा ससा म्हणजे अशीच विवरं, असं अनेकांना वाटतं. पण ससा दिसतो तो गोठलेल्या लाव्हाच्या काळ्या मैदानांमुळे.

मग टायको विझलेला ज्वालामुखी असेल? एकोणिसाव्या शतकातले बहुतेक खगोलशास्त्रज्ञ चंद्रावरच्या विवरांबद्दल असंच मानत. आपल्या बुलढाण्यातलं लोणारही कित्येक वर्षं ज्वालामुखीच्या खात्यात जमा होतं. प्रत्यक्षात दोन्ही विवरं अशनीच्या आघातानेच घडली आहेत. लोणारही बेसाल्टमध्ये, म्हणजे गोठलेल्या लाव्हाच्या खडकात, असल्याने चंद्राच्या अभ्यासकांना ते फार मोलाचं वाटतं. पण त्याचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर. टायकोचा आघात इतका प्रचंड होता, की दबलेली जमीन उसळून मधोमध दोन किलोमीटर उंचीचा डोंगर उभा राहिला.

विवर वाटोळं, म्हणजे अशनी सरळ वरून पडला, हा तर्कही चुकतो. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळणारा दगड तिरका आला तरी स्फोट सगळीकडे सारखाच पसरतो. दिशा कळते ती उडालेल्या चुऱ्यावरून: टायकोचे पट्टे पश्चिमेकडे जवळजवळ नाहीत. त्यावरून तो घाव पश्चिमेकडून तिरका बसला असं मानतात.

हे पट्टे म्हणजे भेगाही नव्हेत. उडालेला चुरा आणि त्याच्या माऱ्याने झालेली छोटी विवरं मिळून ते बनले आहेत. मला सर्वांत थक्क करतं ते त्यांचं अंतर: काही पट्टे १,५०० किलोमीटरच्याही पुढे जातात. १९७२ मध्ये अपोलो १७ उतरलं ते ठिकाण टायकोपासून २,००० किलोमीटरहून लांब. तिथली एक दरड टायकोच्याच उडालेल्या दगडांनी कोसळली असावी. त्या दरडीच्या नमुन्यांवरून विवराचं वय सुमारे १० कोटी ८० लाख वर्षं ठरवलं गेलं. खुद्द टायकोतला दगड मात्र कोणी हाताने उचलून आणलेला नाही, त्यामुळे हे वय अनुमानच आहे. तरीही चंद्राच्या ४५० कोटी वर्षांच्या आयुष्यात हे विवर तरुणच. म्हणून तर त्याचे पट्टे अजून फिकट पडलेले नाहीत.

आणि पौर्णिमेलाच दुर्बीण लावू नका. तेव्हा पट्टे खुलतात, पण सावल्या नसल्याने खोली कळत नाही. शुद्ध नवमी-दशमीला तिथे नुकतीच सकाळ झालेली असते. तेव्हा कडा आणि मधला डोंगर जरूर पाहा.